नमुना क्रमांक सात

सोमवार, २१ एप्रिल २०२५

आज सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी डॉ. बोरकुटे नावाच्या गृहस्थांनी माझ्या भाचीचा प्रबंध वर्गातल्या सगळ्या मुलांसमोर टेबलावर आपटला. वेळ मी संघप्रियाला तीनदा विचारून घेतली. तिच्या मते वेळेला काही महत्त्व नाही. चौतीस वर्षं मी ऊर्जानगरला मुख्य अभियंत्यांच्या कार्यालयात पत्रं टाइप केली, पाच साहेब आले आणि गेले. ज्या तक्रारीत वेळ नाही ती तक्रार नव्हे, रडगाणं.

पहिल्याच पानावर लाल शाईत लिहिलं आहे: “नमुना क्र. ७ कारण न देता वगळला. माहिती घरी बसून भरल्याचा संशय. अस्वीकृत.” खाली सही. शिक्का नाही, याची मी नोंद घेते.

संघप्रिया ही माझा धाकटा भाऊ देवाजी याची मुलगी. बायोकेमिस्ट्रीच्या एम.एस्सी.चं तिचं शेवटचं सत्र. दोन वर्षं माझ्याकडे चंद्रपुरात तुकूमला राहते आणि रोज दीड तास बसने जाते-येते. हैदराबादच्या एका लस बनवणाऱ्या कंपनीने तिला तपासणीच्या प्रयोगशाळेत घेतलं आहे. अट एकच. प्रबंध सोळा मेपर्यंत स्वीकारला गेला पाहिजे. नाहीतर निकाल नाही, आणि निकाल नाही तर नोकरी नाही.

दुपारी दोनला आली. बाहेर पंचेचाळीस अंश. तोंडावरचा स्कार्फही सोडला नाही. पाणी दिलं, ते तसंच ठेवलं. प्रबंध माझ्या हातात देऊन म्हणाली, “आत्या, तू वाचू नको,” आणि खोलीत जाऊन आतून कडी लावली.

या घरात मुलांनी आतून कडी लावायची नाही असा नियम आहे. मी दाराशी उभी राहिले. आतून काहीच आवाज येत नव्हता. रडली असती तर बरं वाटलं असतं.

मंगळवार, २२ एप्रिल

प्रबंध वाचला. निम्मा कळला नाही, पण व्याकरणाच्या अकरा चुका सापडल्या.

विषय सिकलसेलचा. रक्तातल्या ज्या प्रथिनाने श्वासातला प्राणवायू अंगभर पोचतो, त्याच्या घडणीत एक बारीकशी चूक असते, आणि त्या चुकीपायी रक्ताच्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात. नागभीडकडच्या तीन गावांतून तिने चाळीस रुग्णांचं रक्त आणलं. त्यांच्याशी ताडून बघायला दहा निरोगी माणसं हवी होती. त्या दहांत मी होते. फेब्रुवारीत याच जेवणाच्या टेबलावर तिने माझं रक्त घेतलं. फॉर्ममधले प्रश्न तिने वाचले, उत्तरं मी दिली. घरात कोणाला हा आजार? नाही. सांधेदुखी? नाही. मूल दगावलं? नाही. लवकर लिही, म्हटलं, कुकर लागलाय.

आज विचारलं, “हा सात नंबर कोण?”

“नावं सांगता येत नाई, आत्या. गुप्त असतात.”

“मग बोरकुटेला तोंडावर सांग तसं.”

“सांगितलं.”

“मग?”

ती ताटातला भात एका बाजूने दुसऱ्या बाजूला करत राहिली. हिच्या जिभेवर विंचू बसला आहे काय? आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बेनेडिक्टा अशा मुलीला बाकावर उभं करायच्या.

संध्याकाळी देवाजीचा फोन. “बाई, पोरगी जेवते का नाई?”

“जेवते.” खोटं बोलले.

“मी तवाच म्हनलो होतो, बी.एड. करू दे. गावात मास्तरीन झाली असती. हे बायोकेमिस्ट्री करून मानूस होते तरी का? डॉक्टर होते का?”

“डॉक्टर होत नाही. डॉक्टर ज्या कागदावर भरवसा ठेवतात तो कागद देणारी होते.”

हे वाक्य मला आवडलं म्हणून लिहून ठेवते. ते पुरतं खरं नाही. या शिक्षणाने औषधांच्या कंपनीत जाता येतं, दवाखान्याच्या प्रयोगशाळेत, अन्नाची भेसळ तपासायला, पोलिसांसाठी रक्ताचे डाग तपासायला, नाहीतर पुढे शिकून शिकवायला. एखाद्या कुटुंबाला समोर बसवून त्यांच्या रक्तात काय आहे ते नीट समजावून सांगायचंही आता वेगळं शिक्षण असतं म्हणे. संघप्रियाला मनातून तेच करायचं होतं. मी हसले होते. म्हटलं, त्याला शिक्षण कशाला, तोंड पुरे.

गुरुवार, २४ एप्रिल

तिला न सांगता विद्यापीठात तिच्या विभागात गेले. बस वेळेवर, पंखा बंद.

बोरकुटे पस्तिशीचा, सडसडीत, शर्टाच्या खिशाला शाई लागलेली. उठून खुर्ची दिली. “बसा, मावशी.”

“मी आपली मावशी नाही. श्रीमती यशोधरा रामटेके.”

“बसा, मॅडम.”

एक फोटो दाखवला. जेलीची पट्टी, तिच्यात ओळीने बारीक खाचा. खाचेत रक्त घालतात, वीज सोडतात, आणि प्रथिनं सरकत जाऊन आपापल्या जागी थांबतात. निरोगी माणसाची एक रेघ. आजारी माणसाची एक रेघ, पण मागे राहिलेली. सातव्या खाचेखाली दोन्ही रेघा होत्या.

“हा वाहक,” तो म्हणाला. “आजारी नाही. जन्मभर ठणठणीत राहील, त्याला पत्ताही लागणार नाही. पण नवराबायको दोघं असे असले तर दर मुलामागे चारात एक धोका, की ते आजार घेऊनच जन्मेल.”

“मग यात या मुलीचा गुन्हा काय?”

“दोन रेघांचा गुन्हा नाही, मॅडम. फॉर्म बघितला का? सगळीकडे नाही, नाही, नाही. मी म्हटलं, त्या माणसाला परत बोलव, परत रक्त घे, परत विचार. नियमच आहे तो. ती म्हणते, बोलावणार नाही. का? तेही सांगणार नाही. मग मी काय समजायचं? माणूस आहे तरी का असा कोणी?”

“तिच्यावर विश्वास ठेवा.”

“विश्वासावर लस बनत नाही हो.”

उत्तर उद्धट होतं. दुर्दैवाने बरोबरही होतं. घाईत उठले, छत्री तिथेच राहिली.

घरी येऊन संघप्रियाला फैलावर घेतलं. ती पांढरीफटक पडली. “तू काऊन गेली तिथं?”

“कोण आहे तो सात नंबर? खोटं लिहून देणारा तो नालायक मस्त हिंडत असेल, आणि तू इथे सुकतेस! पत्ता दे. कान धरून आणते.”

“त्या माणसाला माहीत नाई, आत्या. आणि मले सांगायची हिंमत नाई.”

मग माझ्याकडे बघत राहिली. इतका वेळ की मी उगाच पदर सारखा केला.

रविवार, २७ एप्रिल

देवाजी आला. सोबत मोहाची टोपलीभर फुलं, जी मी मागितली नव्हती. संघप्रिया जमिनीवर मोठा कागद पसरून बसली होती. बाईला गोल, पुरुषाला चौकोन, मधून रेघा. आमच्या घराण्याची वंशावळ.

“बाबा, आत्याच्या आधी आजीची किती लेकरं गेली?”

“तीन,” देवाजी म्हणाला. “एक त बोलाले लागला होता. हातपाय सुजे त्याचे. म्हनून त बाई झाली तवा आजीनं तिले उकिरड्यावर ठेवलं, आन् नाव...”

“देवाजी, चहा निवतोय.”

नाव मी इथे लिहू शकते, ही वही कोणी वाचत नाही. कचरा. लेकरं जगत नसली की पुढच्याला उकिरड्यावर ठेवून उचलायचं आणि असं नाव द्यायचं, म्हणजे मरणालाही ते नकोसं वाटतं. शाळेच्या दाखल्यावर यशोधरा लागलं तेव्हा मी सहा वर्षांची होते आणि घरभर नाचले होते.

संघप्रियाने माझ्या गोलाच्या वर तीन छोट्या खुणा केल्या आणि त्यांवर काट मारली. पेन्सिल तशीच हातात धरून म्हणाली, “उकंडमामाचंही तसंच असेल ना?”

उकंडराव हा माझा नवरा. एकोणतीस वर्षं तो आरमोरीला आणि मी इथे. उकंडा म्हणजे उकिरडाच. लग्नात मैत्रिणी हसल्या होत्या, कॉन्व्हेंटची पोरगी उकिरड्यावर पडली म्हणून. त्याच्या आधी किती गेले ते मी कधी विचारलं नाही. विचारण्यासारखं वाटलंच नाही.

“आत्या, आदेशदादाचे सांधे दुखत होते का?”

या घरात ते नाव कोणी घेत नाही. मी मोहाची टोपली उचलून मागे नेऊन ठेवली. परत आले तेव्हा कागद गुंडाळलेला होता.

बुधवार, ३० एप्रिल

ती अंघोळीला गेली असताना तिची फाइल उघडली. हे वाईट आहे, मला माहीत आहे.

नमुना क्र. ७. स्त्री. वय ६५. शहरी. निवृत्त. शिक्षण इंग्रजी माध्यम.

चंद्रपुरात पासष्ट वर्षांच्या निवृत्त बायका पुष्कळ आहेत. कॉन्व्हेंटमध्ये माझ्याच वर्गात एकवीस मुली होत्या. त्यांतल्या कोणी इथे राहतात का, याची चौकशी करायला हवी.

पानाच्या कडेला पेन्सिलीने बारीक अक्षरात: “तीनदा केलं. तिन्ही वेळा तेच.”

नळ बंद झाल्याचा आवाज आला. फाइल होती तशी ठेवली. दिवसभर हातांना घाम येतो आहे. उन्हाचा असेल.

रविवार, ४ मे

हैदराबादहून फोन आला. एक मुलगी गोड इंग्रजीत विचारत होती, कागद कधी मिळतील. संघप्रिया म्हणाली, कदाचित मिळणार नाहीत. “कदाचित” नव्हे, तिने “प्रॉबेबली” म्हटलं. फोन ठेवून परत खोलीत गेली. कडी.

मी दारापाशी खुर्ची टाकून बसले. मांडीवरच्या ताटात भाजी चिरायला घेतली, म्हणजे बसण्याला कारण. भीती वाटते आहे, लिहून टाकते. पोरीची वाटते. आणि त्या दोन रेघांची वाटते. दोन रेघा चावत नाहीत, तरी वाटते.

बारा दिवस उरले.

मंगळवार, ६ मे

आरमोरीला गेले. कशाला, हे बसमध्येही मला सांगता आलं नसतं. शेजारच्या बाईने विचारलं तेव्हा लग्नाला म्हटलं.

उकंडराव अंगणात बाजेला सुतळी आवळत होता. केस पांढरे, पाठ ताठ. मला बघून त्याने सुतळीची गाठ आधी पुरी मारली.

“ये. पानी पे.”

मी तांब्या घेतला. बाजेवर बसले नाही.

“सिकलसेल म्हणजे काय ते तुला माहीत आहे का?”

त्याने खिशात हात घातला आणि प्लास्टिकच्या पिशवीत घडी केलेलं पिवळं कार्ड काढलं. “मागच्या साली गावात शिबिर झालं. मले हे देलं. आजारी नाई म्हने, पन रक्तात आहे. तुले चिठ्ठी लिवली होती.”

चिठ्ठी आली होती. पाकिटावरचं अक्षर ओळखून मी ती न फोडता परत पाठवली होती.

“तुझ्या आधी किती गेले होते?”

“चार. काऊन?”

काऊन! एकोणतीस वर्षं मी या माणसाला एकच वाक्य ऐकवलं. जानेवारीत पोराला बोडीच्या तळ्यात, गार पाण्यात उतरवलंस, तू मारलंस त्याला. दवाखान्यात म्हटलं, दहनभूमीवर म्हटलं, कोर्टाच्या पायरीवरही म्हटलं. तो कधी उलट बोलला नाही. मला वाटायचं, गुन्हेगार आहे म्हणून बोलत नाही.

“तू मला काही म्हणाला का नाहीस?” मी विचारलं.

“का म्हनू? पान्यात त मीच नेलो होतो. थंड्या पान्यानं कळ उठते म्हनते त्या शिबिरातली बाई.” मग सुतळी हातात घेऊन म्हणाला, “आन् तुयापाशी तेवढंच त होतं, राग. तो कायले घेऊ?”

कार्ड माझ्या हातात होतं. उन्हात ते फारच पिवळं दिसत होतं. परत दिलं. तो बस थांब्यापर्यंत आला, चार पावलं मागे राहून, जसा पूर्वी चालायचा.

शुक्रवार, ९ मे

आज सांगितलं.

सकाळी पोहे तिच्यासमोर ठेवले आणि म्हटलं, “सात नंबर मी आहे.”

तिने चमचा खाली ठेवला. “तुले कसं कळलं?”

“मी चौतीस वर्षं साहेबांच्या फाइली वाचल्यात. तुझी का नाही वाचणार?”

मग ती रडली. तीन आठवड्यांचं एकदम. “मले वाटलं, माझीच चूक झाली. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मग तुझा फॉर्म पाहिला. मूल दगावलं, नाही. तूच बोलली होती आत्या, मीच लिहिलं होतं. मले माहीत होतं ते खोटं आहे. तरी लिहिलं. तुझ्यापुढं कोण बोलते? आता सरांना का सांगू? की माझ्या आत्यानं मेलेला लेक नाकारला? आणि तुले का सांगू, की आदेशदादा...”

“बोल.”

“...तुमच्या दोघांच्या रक्तानं गेला. पाण्यानं नाई.”

पोहे निवले. रस्त्यावर गॅसचे सिलिंडर उतरवत होते, एकेक आवाज डोक्यात बसत होता.

आता जे लिहिते ते या वहीतही आजवर लिहिलेलं नाही. आदेशचे हातपाय दर हिवाळ्यात दुखायचे. डॉक्टर कधी सांधेवात म्हणाले, कधी वाढीच्या कळा. मी म्हटलं, ढोंग. चाचणी परीक्षेच्या दिवशी तो पलंगाची पाटी धरून रडत होता, आई, हाडात दुखते. मी त्याची बोटं एकेक करून सोडवली आणि रिक्षात बसवला. नऊ वर्षांचा होता. उकंडरावाने त्याला बोडीवर नेलं ते त्याच्याच हट्टापायी, त्यानंतर दोन आठवड्यांनी. पोर पाण्यात हसत होतं म्हणे, कळा नंतर उठल्या. माझ्याकडे त्याची म्हणून उरली आहे ती आठवण बोटांची. म्हणून मला कोणीतरी दुसरा गुन्हेगार हवा होता, आणि तो घरातच मिळाला.

हे मी संघप्रियाला सांगितलं. तिने तोंड पुसलं. अगदी हळू, एकेक शब्द तोलत, पेशी म्हणजे काय इथपासून तिने मला सगळं समजावलं. कधी चुकलं, कोणाला कळणं शक्य होतं, कोणाला नव्हतं. मध्ये मध्ये थांबून विचारायची, “कळलं का, आत्या? थांबू का?” तासभर. त्याला शिक्षण लागतं. मी हसले होते ते चूक होतं.

शेवटी विचारलं, “आणि तू?”

“माझं अजून केलं नाई. भीती वाटते.”

“कर. मी शेजारी बसते.”

सोमवार, १२ मे

बुद्धपौर्णिमा. विभाग बंद. विहारात गेले, खोटं बोलणार नाही हे चौथं शील म्हणताना आवाज फुटला नाही. पुढे उभ्या असलेल्या बाईला वाटलं, मला चक्कर आली. तिने मला भिंतीशी नेऊन बसवलं.

उद्या विभागात पत्र दिलं की सगळ्यांना कळेल. ज्यांच्यापुढे मी उकंडरावाला नावं ठेवली त्यांनाही. चार दिवस उरले. परत रक्त द्यायचं आहे.

मंगळवार, १३ मे

आज साडेदहाला विभागात दिलेल्या पत्राची प्रत.

“प्रति, डॉ. बोरकुटे, बायोकेमिस्ट्री विभाग.

विषय: कु. संघप्रिया हिच्या प्रबंधावरील दि. २१ एप्रिल २०२५, सकाळी ११.२० चा शेरा.

महोदय,

नमुना क्र. ७ मी आहे. माणूस आहे तरी का, असे आपण विचारले होते. आहे.

माझे नाव गुप्त ठेवण्याचा माझा हक्क मी या पत्राने सोडत आहे. फॉर्मवरील माहिती घरी बसून भरली, हे खरे आहे, कारण मी घरीच बसले होते. ती खोटी होती, हेही खरे आहे. ती मी सांगितली. माझा मुलगा आदेश दि. १८ जानेवारी १९९६ रोजी नवव्या वर्षी वारला. त्याला दर हिवाळ्यात सांधेदुखी होती. माझ्या आधीची माझी तीन भावंडे लहानपणीच गेली. माझे पती वाहक आहेत. दुरुस्त केलेला फॉर्म सोबत जोडला आहे, प्रत्येक ‘नाही’ खोडून मी बाजूला सही केली आहे.

मी हे सांगत असताना माझ्या भाचीने मला अडवले नाही, ही तिची चूक. त्याबद्दल तिला समज द्यावी. पण तिने रेघा बदलल्या नाहीत. माझ्याकडे बघून तिला त्या बदलता आल्या असत्या. विश्वासावर लस बनत नाही असे आपण म्हणालात. अशा माणसाच्या हातून बनते, असे माझे म्हणणे आहे.

माझे रक्त आज, आपल्या समोर, आपल्याच हातांनी घ्यावे. रेघा पुन्हा दोन आल्या तर लाल शाईतला शेरा त्याच पानावर, त्याच शाईत रद्द करावा, आणि शिक्का मारावा.

माझ्या तपासणीचा अहवाल मला लेखी हवा आहे, दोन प्रतींत. दुसरी प्रत श्री. उकंडराव रामटेके, आरमोरी यांच्या पत्त्यावर पाठवावी. त्यांना ती मिळण्याचा माझ्याआधी अधिकार आहे.

सही नेहमीसारखी दिसणार नाही, हात कापतो आहे. ती माझीच आहे.

लेखी उत्तर गुरुवार दि. १५ मे २०२५ रोजी सायंकाळी पाच वाजण्यापूर्वी मिळावे. तोंडी उत्तर स्वीकारले जाणार नाही. तोपर्यंत मी आपल्या विभागाच्या व्हरांड्यात बसून आहे.”